एक पत्ता, अनेक माणसे

वाचकहो, आपल्या धुळे शहराचा एक विशेष बाहेरगावच्या पाहुण्याच्या चटकन ध्यानात येतो. येथील जुन्या वस्तीतील गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. "गल्ली नंबर चार" किंवा "गल्ली नंबर पाच" एवढे म्हटले की रिक्षावाला दुसरा प्रश्न न विचारता आपणास नेमक्या ठिकाणी नेऊन सोडतो. परंतु हाच पत्ता, पुढे धुळ्याचे नाव न लिहिता, मुंबईच्या टपालपेटीत टाकला तर त्या पत्राचे काय होईल, हे सांगावयास नको. गावात जो पत्ता पुरेसा असतो तोच गावाबाहेर निरर्थक ठरतो.

नुसत्या गावाच्या नावानेही हे काम भागत नाही. पांझरेच्या पलीकडचे आपले देवपूर आपल्याला एकमेव वाटते. पण नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातही एक देवपूर आहे. सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या लिप्या आणि अपुरे पत्ते यांमुळे टपाल खात्याची होणारी ओढाताण थांबावी म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. ही योजना आखणारे अधिकारी म्हणजे श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतचे पंडित आणि कवी म्हणूनही ते महाराष्ट्रास परिचित आहेत. त्यांच्या सहा अंकी क्रमांकातील पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात आणि उरलेले तीन नेमके टपाल कार्यालय दाखवितात. ४२४ हे अंक दिसताच पाकीट धुळ्याच्या थैलीत पडते, ते याच कारणाने.

अशा रीतीने पत्ते दोन प्रकारचे असतात : आतला आणि बाहेरचा. आतला पत्ता आपल्या वस्तीपुरता असतो, तर बाहेरचा साऱ्या जगात एकमेव असतो. आज आपल्या शाळा-महाविद्यालयांतील संगणक कक्षांतही हीच व्यवस्था चालते. कक्षातील प्रत्येक संगणकास आतला पत्ता असतो आणि जगाकडे जाणारा बाहेरचा पत्ता बहुधा संपूर्ण संस्थेस मिळून एकच असतो. दारावर बसविलेले फायरवॉल नावाचे यंत्र आतल्या पत्त्याचा बाहेरचा पत्ता करते व परत येणाऱ्या उत्तराचे उलट रूपांतर करते. या क्रियेस नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन किंवा थोडक्यात "नॅट" म्हणतात. ही पद्धत कोणत्या गरजेपोटी जन्मास आली, तिच्याविषयी कोणता गैरसमज रूढ झाला आणि आपल्यासारख्या शिक्षण संस्थांवर तिने कोणती जबाबदारी टाकली, याचा इतिहास प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे. विषय तांत्रिक वाटला तरी तो केवळ तंत्रज्ञांचा नाही, हे शेवटपर्यंत वाचल्यास पटेल.

पत्त्यांची टंचाई

आज आपण वापरतो त्या इंटरनेटच्या पत्त्याचा नमुना सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दस्तऐवजात निश्चित झाला. अमेरिकेतील संशोधन संस्था व लष्करी कार्यालये यांना जोडणाऱ्या आर्पानेट या जाळ्याने १ जानेवारी १९८३ पासून ही पद्धत स्वीकारली. प्रत्येक पत्ता बत्तीस द्विअंकांचा असल्यामुळे एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होऊ शकत होते. त्या वेळी जगाची लोकसंख्याच सुमारे साडेचार अब्ज होती. म्हणजे माणशी एक पत्ताही पुरला नसता. पण त्या काळी संगणक ही खोलीभर जागा व्यापणारी महागडी वस्तू होती. ती प्रत्येकाच्या हाती, किंबहुना खिशात असेल, ही कल्पना पत्ते ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती. या पद्धतीच्या शिल्पकारांपैकी एक विंट सर्फ यांनी पुढे सांगितले आहे की, आपण हे सारे एका प्रयोगासाठी ठरविले होते. तो प्रयोग कधी संपलाच नाही.

त्यातच वाटपाची रीत उधळी होती. मोठ्या संस्थेस एकदम १,६७,७७,२१६ पत्ते, मध्यम संस्थेस ६५,५३६ आणि लहान संस्थेस २५६, असे तीनच मुख्य गठ्ठे होते. ज्या संस्थेस दोन हजार पत्ते हवेत तिला २५६ पुरत नसत, म्हणून ती ६५,५३६ चा गठ्ठा मागे व उरलेले पत्ते पडून राहत. एखाद्या शेतकऱ्याला दोन एकर हवे असता सबंध शिवारच त्याच्या नावे करून द्यावे, तसा हा प्रकार होता. १९९० च्या सुमारास मध्यम गठ्ठे झपाट्याने संपत चालल्याचे जाणकारांच्या ध्यानात आले. सप्टेंबर १९९३ मध्ये हव्या त्या मापाचे गठ्ठे देण्याची नवी पद्धत आली. तिने वेळ मिळाला, मूळ टंचाई मात्र कायम राहिली.

आपल्या देशाचा या जाळ्याशी संबंध याच सुमारास जुळत होता. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने एर्नेट हा शैक्षणिक व संशोधन जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. त्यात मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था आणि पवईची आय.आय.टी. या महाराष्ट्रातील दोन संस्था प्रथमपासून होत्या. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा सामान्य ग्राहकांस खुली केली. पिनकोडच्या आरंभाचा दिवसही पंधरा ऑगस्टच, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. पण पिनकोड आला तेव्हा प्रत्येक टपाल कार्यालयास पुरतील इतके अंक होते. इंटरनेट सर्वसामान्यांच्या दारी आले तेव्हा जगात पत्त्यांची काटकसर सुरू झाली होती, आणि आपण त्या पंगतीत उशिरा बसलेले होतो.

एका पत्त्यावर अनेकांचा निभाव

जानेवारी १९९३ मध्ये पॉल फ्रान्सिस आणि टोनी एंग यांनी एका शास्त्रीय नियतकालिकात असे सुचविले की, संस्थेच्या आत वापरावयाचे पत्ते जगात एकमेव असण्याची गरजच नाही. तेच पत्ते अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा वापरता येतील. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांच्या नावे या पद्धतीचा रीतसर दस्तऐवज निघाला. त्याचा क्रमांक १६३१. पुढे फेब्रुवारी १९९६ मध्ये क्रमांक १९१८ च्या दस्तऐवजाने तीन गठ्ठे केवळ आतल्या वापरासाठी पक्के राखून ठेवले : १० या अंकाने सुरू होणारे सर्व, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. आपण कोणत्याही शाळेतील संगणकाचा पत्ता पाहा, तो बहुधा यांपैकीच असेल. हे पत्ते म्हणजे आपले "गल्ली नंबर पाच". धुळ्यात आहेत, जळगावात आहेत आणि जपानातही आहेत. बाहेरचा टपालवाला ते वाचून कोठेही पोचू शकत नाही.

मग उत्तर परत कसे येते? उदाहरण घेऊ. कक्षातील १९२.१६८.१.२५ या संगणकाने एक पान मागितले. प्रत्येक मागणीबरोबर पत्त्याखेरीज एक पोर्ट क्रमांकही असतो. पत्त्यास इमारत मानले तर पोर्ट हा खोलीचा क्रमांक समजावा. समजा तो ५१००० आहे. मागणी दाराशी आली की फायरवॉल आतला पत्ता पुसून तेथे संस्थेचा बाहेरचा पत्ता, समजा २०३.०.११३.५, लिहितो आणि पोर्टही बदलून ४०००१ करतो. (हा पत्ता उदाहरणांसाठीच राखलेल्या गठ्ठ्यातील आहे, तो कोणाचाही नाही.) त्याच क्षणी तो आपल्या तक्त्यात टिपतो की, ४०००१ म्हणजे आतला पंचविसावा संगणक. उत्तर ४०००१ वर आले की तक्ता पाहून ते आत धाडले जाते. काही काळ काही हालचाल झाली नाही तर ती ओळ तक्त्यातून पुसली जाते. पोर्ट क्रमांक ६५,५३५ पर्यंत असल्यामुळे एका पत्त्याआड शेकडो संगणक सुखाने नांदू शकतात.

जुन्या वाचकांना ही रीत परकी वाटणार नाही. यंत्रमाग कारखान्यात दूरच्या गावाहून आलेल्या कामगारांची पत्रे मालकाच्या पत्त्यावर "मार्फत" म्हणून येत, आणि मुनीम ती ज्याची त्याला नेऊन देई. बाहेर पत्ता एकच, आत माणसे अनेक, आणि कोण कोठे बसतो हे ठाऊक असलेला मुनीम एक. नॅटमधील फायरवॉल हा असा मुनीम होय. कार्यालयातील टेलिफोन एक्स्चेंजही याच तत्त्वावर चाले : बाहेरची लाइन एक आणि आत टेबलोटेबली एक्स्टेन्शन. १९९४ साली जॉन मेज यांच्या नेटवर्क ट्रान्सलेशन या छोट्या कंपनीने असे रूपांतर करणारे पिक्स नावाचे यंत्र तयार केले, तेव्हा त्या नावामागे खासगी टेलिफोन एक्स्चेंजचीच कल्पना होती. यंत्राची आज्ञावली ब्रँटली कोइल यांनी लिहिली. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, सिस्को कंपनीने ही कंपनी विकत घेतली. ज्यांना असे यंत्र परवडत नव्हते त्यांनी फुकट मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीवर जुन्याच संगणकाकडून हे काम करून घेतले. त्या पद्धतीस मास्करेड, म्हणजे मुखवटा चढविणे, असे समर्पक नाव आहे.

तटबंदी आणि गैरसमज

येथे इतिहासाने एक वळण घेतले व त्यातून एक गैरसमज रुजला. फायरवॉल हा शब्द मूळचा इमारतींच्या बांधकामातील. एका गोदामास लागलेली आग शेजारच्या गोदामात पसरू नये म्हणून मध्ये बांधलेली भिंत, असा त्याचा अर्थ. कापसाच्या गंजीला ठिणगी लागली तर काय होते हे खानदेशात कोणास समजावून सांगावयास नको. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या एका स्वयंप्रसारी प्रोग्रॅमने त्या वेळच्या इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. त्यानंतर अशा भिंतींची गरज सर्वांना पटली. पत्ता बदलणे आणि आगंतुकास अडविणे ही वास्तविक दोन वेगळी कामे. पण पिक्ससारख्या यंत्रात ती एकत्र आली. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत रूपांतराचा नियम लिहिल्याखेरीज आतील संगणकास बाहेर जाताच येत नसे. तेव्हा शिकलेल्या पिढीच्या मनात "नॅट आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत" हे समीकरण पक्के बसले. २००५ च्या सातव्या आवृत्तीत ही सक्ती ऐच्छिक झाली आणि पुढे २०१० मध्ये, पिक्सची जागा घेतलेल्या एएसए यंत्राच्या ८.३ आवृत्तीत, ती पूर्णपणे गेली. समीकरण मात्र मनातून गेले नाही.

नॅटमुळे आडोसा मिळतो हे खरे. बाहेरून आपणहून आलेल्या मागणीस तक्त्यात ओळ नसते, म्हणून ती दाराशीच थांबते. पण आतील कोणी स्वतः बोलावून आणलेल्याला नॅट अडवीत नाही. तो तर पाहुणा म्हणूनच आत येतो. याचे उदाहरण आपल्याच खानदेशच्या इतिहासात आहे. थाळनेर येथून राज्य करणाऱ्या मलिक राजा फारुकीचा मुलगा नसीर खान याने इसवी सन १४०० च्या सुमारास असीरगड घेतला. फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेल्या हकीकतीनुसार, आपल्या कुटुंबास शत्रूपासून आसरा हवा असे नसीर खानाने गडाचा धनी आसा अहीर यास कळविले. आसाने विश्वासाने दार उघडले. प्रथम डोल्यांतून स्त्रिया आल्या. नंतरच्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. गडाचा तट जसाच्या तसा होता. दोनशे वर्षांनी, १६०१ साली, हा गड फारुकींच्या हातून अकबराकडे गेला, तोही तट फोडून नव्हे. "दख्खनचा दरवाजा" म्हणून गाजलेल्या या किल्ल्याने शिकविलेला धडा असा की, भिंतीची उंची मोजण्याआधी दार कोण, कोणासाठी व कोणाच्या सांगण्यावरून उघडतो हे पाहावे.

आज डोलीच्या जागी ई-मेलला जोडलेली फाइल असते, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांच्या नावाखाली उतरविलेला प्रोग्रॅम असतो. शिवाय काही दारे आपण स्वतः कायमची उघडून ठेवतो. आवारातील कॅमेरे घरबसल्या मोबाईलवर दिसावेत म्हणून तंत्रज्ञ फायरवॉलमध्ये बाहेरून आत येणारी वाट करून देतो आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहतो. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमने असे लक्षावधी कॅमेरे व राउटर काबीज केले. त्याच वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर अमेरिकेतील डिन या कंपनीवर हल्ला करून अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

आपल्या कक्षातील मांडणी

हा सारा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे शिक्षण संस्थेत फायरवॉल लावताना काय करावे, हे आपोआप स्पष्ट होते. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, क्रम साधारण एकच आहे.

पहिली गोष्ट, यंत्रास हात लावण्यापूर्वी कागदावर नकाशा काढावा. विद्यार्थ्यांचा कक्ष, कार्यालय आणि बाहेरच्यांनी पाहावयाचा सर्व्हर असे तीन वेगळे विभाग करावेत. निकालपत्रके व फीचे हिशेब ज्या संगणकावर आहेत तो आणि मुले खेळ उतरवितात तो संगणक एकाच विभागात असू नये.

दुसरी, आतले पत्ते विचारपूर्वक निवडावेत. बहुतेक यंत्रे १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते आपोआप देतात. संस्थेच्या धुळ्याच्या व जळगावच्या शाळांनी तेच राहू दिले आणि उद्या दोन्ही शाळा एकमेकींस जोडावयाच्या ठरल्या, तर दोन्हीकडे "गल्ली नंबर पाच" निघेल. म्हणून प्रत्येक शाळेस आरंभीच वेगळा गठ्ठा नेमून द्यावा. दोन शाळांमधील खासगी जोडणीतून जाणाऱ्या वाहतुकीचे रूपांतर होऊ नये, असा अपवादाचा नियमही लिहावा लागतो. तो विसरल्यामुळे दिवस दिवस वाया जातात.

तिसरी, कक्षातील सर्व संगणकांसाठी अनेकांचा-एक हे रूपांतर लावावे. सर्व्हर असेल तर त्यासाठी एकास-एक असे कायमचे रूपांतर करावे, आणि त्यातही हवे तेवढेच पोर्ट उघडावे. संकेतस्थळासाठी ४४३ पुरते; सगळेच उघडून ठेवणे म्हणजे खिडकीसाठी भिंत पाडण्यासारखे आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, रूपांतराचा नियम आणि परवानगीचा नियम हे वेगळे समजावेत. पत्ता बदलला म्हणून परवानगी मिळत नाही आणि परवानगी दिली म्हणून पत्ता बदलत नाही. बाहेरून आत येणारे सर्व प्रथम बंद करून मग गरजेपुरते उघडावे. नियम बहुधा वरून खाली वाचले जातात. वर एखादा ढोबळ नियम असला की खालच्या बारीक नियमास कोणी विचारीत नाही. परवानगीच्या नियमात आतला पत्ता लिहावयाचा की बाहेरचा, हे आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. सिस्कोच्या यंत्रांत ८.३ पूर्वी बाहेरचा लिहीत, तेव्हापासून आतला खरा पत्ता लिहितात. आवृत्ती बदलताना या एका फरकाने अनेकांची त्रेधा उडविली आहे.

पाचवी, काम झाल्यावर आवाराबाहेरून, मोबाईलच्या जोडणीवरून, आपलेच दार ठोठावून पाहावे. आत बसून घेतलेली परीक्षा अपुरी असते.

नोंदवही

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वाचकहो, कल्पना करा की एखाद्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात पोलिसांचे पत्र आले : अमुक तारखेस अमुक वाजता आपल्या पत्त्यावरून कोणास तरी धमकी गेली, किंवा दोन समाजांत तेढ वाढेल असा मजकूर पसरविला गेला, तो कोणी पाठविला ते कळवा. बाहेरच्या जगास त्या मजकुरामागचा माणूस दिसत नाही. त्यास दिसतो तो संस्थेचा पत्ता. त्या घटकेला कक्षात चाळीस मुले-मुली बसलेली असतील. शिक्षक असतील, शिपाई असेल, पालकांचे अर्ज भरून देणारा कारकून असेल. तक्त्यातील ती ओळ तर काही मिनिटांतच पुसली गेलेली आहे. नोंद ठेवलेली नसेल तर संस्थेपाशी एकच उत्तर उरते : "आम्हास ठाऊक नाही." या उत्तराने एकाचा गुन्हा चाळिसांच्या माथी येतो, आणि मग संस्थेच्या नावावर.

एकाच्या कृत्यासाठी सबंध वस्तीकडे बोट दाखविले जाणे म्हणजे काय असते, हे आपल्या वाचकांस मी निराळे सांगण्याची गरज नाही. हे बोट थांबविण्याचा एक साधा, कायदेशीर आणि स्वस्त उपाय निदान संगणकाच्या बाबतीत तरी आपल्या हाती आहे. तो म्हणजे नोंदवही. ती अपराध्यास शोधून देते हे खरे, पण त्याहून मोठे काम असे की, निरपराध्यास ती वाचविते. ज्या मुलीने त्या तासाला फक्त शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, तिच्या बाजूने साक्ष देणारी दुसरी वस्तू कक्षात नसते.

जाणकारांनी ही गरज पूर्वीच ओळखली होती. जून २०११ च्या एका दस्तऐवजात, क्रमांक ६३०२, सर्व सर्व्हरचालकांना असे सुचविले आहे की, येणाऱ्याचा केवळ पत्ता टिपू नये; पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळही टिपावी, कारण एका पत्त्याआड अनेकजण असतात. आपल्या देशात केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशात सेवा पुरवठादार, कंपन्या व सरकारी संस्था यांना संगणक व्यवस्थेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्यास आणि घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवून ठेवण्यास सांगितले आहे. नियमाचे बंधन कोणावर, हा विचार बाजूस ठेवला तरी त्यातील शहाणपण सर्वांच्या कामाचे आहे.

यासाठी तीन नोंदींची साखळी लागते. पहिली, फायरवॉलची : कोणता आतला पत्ता कोणत्या वेळी कोणत्या पोर्टने बाहेर गेला. दुसरी, पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेची : तो आतला पत्ता त्या वेळी कोणत्या संगणकाकडे होता, कारण हे पत्ते रोज बदलू शकतात. तिसरी, कक्षातील साध्या वहीची किंवा लॉग-इनची : त्या संगणकावर त्या वेळी कोण बसले होते. यांतील एक कडी तुटली की उरलेल्या दोन व्यर्थ जातात. आणि तिन्ही घड्याळे जुळलेली नसतील तर गोष्ट अधिकच घातक, कारण पाच मिनिटांच्या फरकाने आधी उठून गेलेल्या मुलावर नंतर बसलेल्याचे कृत्य येऊ शकते. फायरवॉलच्या नोंदी त्याच यंत्रात न ठेवता दुसऱ्या सुरक्षित संगणकावर पाठवाव्यात, म्हणजे यंत्र बंद पडले तरी त्या राहतील.

मात्र नोंद म्हणजे पाळत नव्हे. कोण, केव्हा, कोठून एवढे टिपणे पुरेसे आहे. कोणी काय वाचले, कोणास काय लिहिले, हे चाळीत बसण्याचा अधिकार व्यवस्थापकास नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही असाच आहे की, माहिती कामापुरती घ्यावी व काम संपताच काढून टाकावी. ही वही आपल्याकडे अमानत म्हणून आहे. ती कुलपात राहावी, तिला हात लावणारी माणसे ठरलेली असावीत, ती कोणी व कशासाठी उघडली याचीही नोंद व्हावी, आणि मुदत संपली की ती नष्ट करावी. मुलींना कक्षात पाठविताना पालकांच्या मनात जी धाकधूक असते तीही अशा काटेकोरपणानेच दूर होईल.

पुढे काय

नॅट हा तात्पुरता उपाय म्हणून निघाला होता. त्याने इंटरनेटला वीस वर्षे तारून नेले, पण टंचाई टळली नाही. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक भांडारातील शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटले गेले, आणि १५ एप्रिल २०११ पासून आशियाच्या संस्थेने उरलेले पत्ते मोजून मापून देण्यास सुरुवात केली. एप्रिल २०१२ मध्ये टेलिफोन कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी १००.६४ पासून सुरू होणारा वेगळा गठ्ठा राखण्यात आला. अनेक ग्राहकांच्या बाबतीत तेव्हापासून एकावर एक दोन मुखवटे असतात : एक आपल्या दाराशी आणि दुसरा कंपनीच्या दाराशी. अशा ठिकाणी आपण बाहेरून आत येण्याची कितीही वाट केली तरी ती चालत नाही. तेव्हा जोडणी घेतानाच कंपनीस विचारावे की, पत्ता स्वतंत्र व कायमचा मिळणार आहे काय.

खरा उपाय म्हणजे १२८ द्विअंकांचा नवा पत्ता, ज्यास आयपीव्ही६ म्हणतात. त्याचा पहिला दस्तऐवज डिसेंबर १९९५ चा आणि पूर्ण मानक जुलै २०१७ चे. आपल्या देशाने या बाबतीत मागासलेपण झटकले आहे. दूरसंचार खात्याने जुलै २०१० मध्ये आराखडा जाहीर केला. सप्टेंबर २०१६ पासून मोबाईलच्या नव्या जाळ्यांमुळे या पत्त्यांचा वापर इतका वाढला की, भारत जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो. या पद्धतीत प्रत्येक संगणकास जगात एकमेव असा पत्ता मिळू शकतो. मुखवट्याची गरज उरत नाही. आणि म्हणूनच जुना गैरसमज आता अधिक महाग पडेल. ज्यांनी नॅटलाच भिंत मानले त्यांच्याकडे मुखवटा गेल्यावर भिंत उरणार नाही. परवानगीचे नियम ज्यांनी वेगळे व नीट लिहिले, त्यांना काळजीचे कारण नाही.

असो. समारोपास एवढेच म्हणावेसे वाटते. आपल्या समाजात तालीम पोचविण्यासाठी ज्यांनी पै पै जमवून शाळा उभ्या केल्या, त्यांनी संस्थेच्या नावाची एक पत निर्माण केली. पूर्वी ही पत दाखल्यावरच्या शिक्क्यात असे; आज ती इंटरनेटच्या पत्त्यातही आहे. आपल्या संस्थेच्या पत्त्यावरून निघणारी प्रत्येक मागणी आपल्या सर्वांच्या नावाने जगात जाते. कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेत कोणी तरी तीन प्रश्न जरूर विचारावेत : आपल्या दारावरचे नियम कोणी लिहिले आहेत? बाहेरून आत येणारी कोणती वाट उघडी आहे आणि कशासाठी? आणि गेल्या महिन्याच्या एखाद्या दिवशी, एखाद्या वेळी, एखाद्या संगणकावर कोण बसले होते हे आपण सांगू शकतो काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "होय" असे येईल त्या दिवशी आपल्या कक्षातील प्रत्येक मूल अधिक निर्धास्तपणे शिकू लागेल.